पझल स्किप केलंत तर खेळलात काय?

डोकं फिरलंय, म्हणून लिहितेय. लांब होणार आहे, आधीच सांगते.

मे महिना, घर माणसांनी भरलंय. चुलतभाऊ ठाण्याहून सहकुटुंब आलाय आणि भाच्याने येताना प्लेस्टेशन उचलून आणलंय. आज जेवणं उरकली, मोठी माणसं ओटीवर आडवी झाली, तसा त्याने माजघरातल्या टीव्हीला स्पायडरमॅन लावला. आढीतले आंबे बघायचे तसेच ठेवून मी त्याच्या बाजूला जाऊन बसले. डॉक्टर ऑक्टेवियसच्या लॅबमध्ये सर्किटचं पझल आलं. तुकडे बसवून करंट या टोकाकडून त्या टोकाला न्यायचा. मी सरसावून पुढे सरकले, तर पोराने थेट सेटिंग उघडलं, 'स्किप पझल्स' चालू केलं आणि पुढच्या मारामारीला निघून गेला. पझलकडे धड बघितलंसुद्धा नाही.

"अरे, का?"

"आत्या, ते बोअर असतं गं."

वर बाहेरून त्याचा बाप: "अगं, गेम खेळायला घेतात, परीक्षा द्यायला नव्हे." ओटीवर हशा.

मला नाही हसू आलं. पीटर पार्कर, म्हणजे मुखवट्यामागचा स्पायडरमॅन, शास्त्रज्ञ आहे हे त्या लॅबमध्येच तर कळतं. ते वगळलं की उरतो नुसता ठोसे मारणारा माणूस. मान्य, ती सर्किटं नंतर नंतर तीच ती वाटतात. आणि ज्यांना खरोखर जमत नाही त्यांच्यासाठी ती सोय असायलाच हवी, त्याबद्दल माझं काही म्हणणं नाही. पण धडधाकट डोक्याच्या पोराने न बघताच पुढे जायचं?

आम्ही गेम कसा खेळलो ते सांगते. घरी कॉम्प्युटर नव्हता. शिरोड्याहून एसटीने वेंगुर्ल्याला क्लासला जायचो, मी आणि दादा. शिकवणं संपलं की सर उरलेला वेळ गेमला देत, आणि गेम एकच, प्रिन्स ऑफ पर्शिया. 1989 चा गेम, आमच्यापर्यंत पोचेस्तोवर जुना झालेला. आम्हाला त्याचं काय! कीबोर्ड दादाकडे, मी बाजूच्या स्टुलावर. राजकन्येला सोडवायला साठ मिनिटं.

शेवटाकडे एक सावली समोर येते. हुबेहूब राजपुत्रच. आधीच्या एका लेव्हलमध्ये आपण आरशातून उडी मारतो, तेव्हा ती त्याच्यातून बाहेर पडलेली असते. मग वाटेत आपलं औषध पिऊन टाकते, आपल्याला खाली पाडते, त्यामुळे तिच्यावर राग जमलेला असतोच. दादाने बघताक्षणी तलवार उपसली. वार केला, मेलो. परत केला, परत मेलो. दादाचे डोळे तलवारीवर, माझे खाली डाव्या कोपऱ्यातल्या लाल त्रिकोणांवर, म्हणजे आपल्या जिवावर. आणि मला दिसलं की वार तिच्यावर बसतोय आणि त्रिकोण आपला जातोय. ओरडलेच मी. तेवढ्यात लाईट गेली. क्लास बंद, आम्ही स्टँडवर.

पूर्ण एसटीभर आमची तीच चर्चा. तिला मारलं की आपण मरतो, मग करायचं काय? पळायचं? उडी मारायची? मोचेमाडच्या घाटीत गाडी हळू झाली तेव्हा दादा म्हणाला, "म्यान करूया." खाली बाणाचं बटण दाबलं की तलवार म्यान होते हे आम्हाला पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं, पण ते वापरायची वेळच कधी आली नव्हती. पुढच्या क्लासला तलवार आत घातली, तर सावलीनेही घातली. चालत जाऊन तिला भिडलो आणि दोघं एक झाली. पुढे जिथे दरी होती तिथे पळत गेलं की पायाखाली जमीन येत गेली. दादाने माझ्या पाठीत असा धपाटा घातला की अजून आठवतो.

आता मला सांगा, यात परीक्षा कुठे आहे?

खूप नंतर कळलं की ती सावली अडचणीतून जन्माला आलेली. जॉर्डन मेकनरने गेम बनवला तो ॲपल टू या जुन्या कॉम्प्युटरवर, आणि त्यात नव्या पात्राची चित्रं ठेवायला मेमरीच उरली नव्हती. म्हणून राजपुत्राचीच चित्रं वापरून त्याने शत्रू उभा केला. आणि त्या शत्रूशी लढायचं नाही, हे त्याने कुठेही लिहून सांगितलं नाही. आमच्याकडून ओळखून घेतलं. कथेतली सगळ्यात मोठी गोष्ट पझलमध्ये ठेवली त्याने. ते स्किप केलं असतं तर आम्हाला काय मिळालं असतं? एक बंद दरवाजा उघडला असता, एवढंच.

आणि मारामारीत मी नुसती बघणारी होते. पझल आलं तेव्हा हातात कीबोर्ड नसतानाही मी खेळत होते. आज दुपारी मी पुढे सरकले ती त्यासाठीच, आणि पोराने मला खेळूच दिलं नाही. राग आहे तो याचा.

वाईट पझल असतात, नाही कोण म्हणतो! गेब्रिएल नाइट 3 मध्ये मांजराचे केस जमवून खोटी मिशी करायची, आणि ज्याचं सोंग घ्यायचं त्याला मिशीच नाही! म्हणून त्याच्या पासपोर्टवर पेनाने मिशी काढायची. हे कुठल्या शहाण्या माणसाला सुचणार? बनवणाऱ्याच्या मनात काय आहे ते हुडकायला लावणं म्हणजे पझल नव्हे. पोर्टल बघा, 2007 चा. हातात एक बंदूक, तिने दोन दारं उघडतात, एकातून आत गेलं की दुसऱ्यातून बाहेर. वेगाने आत पडलात तर वेगानेच बाहेर फेकले जाता. हे आधी छोट्या खोलीत नीट शिकवतात, आणि मग मोठ्या दरीसमोर उभं करून गप्प बसतात. सगळं आपल्याला माहीत असतं, फक्त जुळवायचं असतं. सुचतं तेव्हा उठून दोन फेऱ्या माराव्याशा वाटतात.

आणि ते यूट्यूबवरचे 'फुल वॉकथ्रू'! अडकायच्या आधीच उत्तर उघडून बसायचं. दुसऱ्याने सोलून दिलेले फणसाचे गरे खाल्ल्यासारखं आहे ते, हाताला चीक नाही ना कष्ट. कोणाला काय करायचं ते करा, पण मग 'मी गेम संपवला' असं स्टेटस टाकू नका.

लिहिता लिहिता राग थोडा उतरलाय. पोराचा काय दोष? वर्षभर शाळा, शाळेनंतर ट्यूशन, ट्यूशनमध्ये टेस्ट. त्याच्यासमोर कोणी प्रश्न ठेवला की तो मार्कांसाठीच असतो. चुकला की घरी बोलणी. आम्ही त्या सावलीपुढे इतके वेळा मेलो, कोणी हिशोब ठेवला? चुकण्याला काही किंमत नव्हती म्हणून तर डोकं मोकळं चाललं. 'परीक्षा' हा शब्द त्याच्या बापाच्या तोंडात उगाच नाही आला. या मुलांना फुकट चुकायला मिळतच नाही कुठे. गेममध्ये मिळतं, तर तेही आपण बोअर म्हणून त्यांना टाळायला शिकवलंय.

तर संध्याकाळी मी त्याला राजी लावून देणार आहे. पुण्याच्या मुलांनी केलेला गेम, 2020 चा. त्यातली पझल सोपीच आहेत, जाणत्यांना वाटतील पोरकट. चकत्या फिरवून चित्र जुळवायचं, आणि चित्रात राजी आणि तिचा हरवलेला भाऊ. कंट्रोलर त्याच्या हातात, मी बाजूला. त्याच्या बापालाही ओटीवरून उठवून आणणार आहे, पण उत्तर बोलायला बंदी.

माझं स्वतःचं सध्या ऑब्रा डिन चालू आहे. ईस्ट इंडिया कंपनीचं जहाज, 60 माणसं, कोण कुठला, कसा मेला ते आपण ओळखायचं. तिघांचं बरोबर आलं तरच गेम मान्य करतो, त्यामुळे ठोकून द्यायची सोय नाही. कोणाचे बूट, कोणाची झोळी, कोण कोणाशेजारी उभा आहे, सगळं वहीत लिहून ठेवलंय. अजून बरेच खलाशी राहिलेत. ज्यांनी संपवलाय त्यांनी कमेंटमध्ये एकाचंही नाव लिहू नये. दिसलं की कमेंट उडवणार आहे, मग जवळचा असो की लांबचा.