जोकरला भूतकाळ हवाच कशाला?

"जन्मतः कुणी वाईट नसतं. माणूस तसा का झाला ते दाखवा, नाहीतर तो नुसता बुजगावणं होतो," अश्विनी म्हणाली आणि कट्ट्यावर वादाला तोंड फुटलं. विषय होता कॉमिक्सवरच्या सिनेमांमधले व्हिलन. त्यांना ओरिजिन स्टोरी, म्हणजे ते तसे कसे घडले याची गोष्ट, लागते का?

मन्या लगेच 'द डार्क नाइट'वर आला. २००८ चा बॅटमॅनचा सिनेमा, आणि त्यात बॅटमॅनचा वैरी, हीथ लेजरने रंगवलेला जोकर. तोंडावरचे व्रण कसे आले हे तो एका गुंडाला सांगतो: बाप दारुडा होता, त्याने सुरी चालवली. पुढे बॅटमॅनच्या बालमैत्रिणीला, रेचेलला, सांगताना गोष्टच वेगळी. आता त्यात बायको आहे, तिचं जुगाराचं कर्ज आहे, आणि व्रण याने स्वतःच करून घेतलेत. शेवटी बॅटमॅनलाही तो सांगू लागतो, पण बॅटमॅन पूर्ण करू देत नाही. "खरी कुठली ते कळतच नाही," मन्या म्हणाला, "आणि म्हणूनच भीती वाटते."

"ही पळवाट आहे. लेखकाला सुचलं नाही, म्हणून गूढ ठेवलं," अश्विनी.

हे मला अजिबात पटलं नाही. जोकर १९४० साली 'बॅटमॅन' कॉमिकच्या पहिल्याच अंकात आला, तेव्हाही त्याला भूतकाळ नव्हता. रसायनात पडल्याची गोष्ट १९५१ मध्ये जोडली गेली. १९८८ च्या 'द किलिंग जोक' या कॉमिकमध्ये तर तो स्वतःच म्हणतो की भूतकाळ असलाच तर त्यात पर्याय असलेले बरे. म्हणजे ही पोकळी जुनी आहे आणि जपलेली आहे.

पण माझा खरा मुद्दा दुसरा होता. 'द डार्क नाइट'मध्ये ओरिजिन स्टोरी आहेच की! फक्त ती हार्वे डेंटची आहे. सरळमार्गी सरकारी वकील. त्याचं नाणं दोन्हीकडून छापाचंच असतं, म्हणजे निकाल त्याने आधीच ठरवलेला. मग त्याची प्रेयसी रेचेल मरते, त्याचा अर्धा चेहरा जळतो आणि नाण्याची एक बाजूही जळून काळी होते. त्यानंतर नाणेफेक खरी होते आणि त्यावर माणसं मरू लागतात. व्हिलन कसा घडतो ते पायरी पायरीने आपल्यासमोर दिसतं, आणि घडवणारा असतो जोकर. नर्सच्या वेशात तो डेंटच्या खाटेशी बसतो, पिस्तूल त्याच्या हातात देतो आणि स्वतःच्या कपाळावर टेकवून घेतो. अशा वेळी जोकरच्या बालपणाचा फ्लॅशबॅक आला असता तर आपलं लक्ष डेंटवरून उडालं असतं. पोलीस चौकीत बॅटमॅन जोकरला बडवतो तेव्हाही तेच. धमकी द्यायची तरी कशाची? त्याला गमावण्यासारखं काही आहे हे आपल्याला माहीतच नाही.

"मग किलमाँगर?" अश्विनी सोडणारी नव्हती. "'ब्लॅक पँथर'चा व्हिलन. त्या सिनेमातून त्याचं बालपण काढून दाखव."

तिथे मात्र मी तिच्याच बाजूचा. १९९२, ओकलंड. वाकांडा या काल्पनिक देशाचा राजा सख्ख्या भावाला मारतो आणि भावाच्या पोराला, म्हणजे किलमाँगरला, तिथेच टाकून निघून जातो. हे काढलं तर त्या राजाचा मुलगा, सिनेमाचा हिरो टचाल्ला, परलोकात बापासमोर आणि पूर्वजांसमोर उभा राहून 'तुम्ही सगळे चुकलात' असं म्हणणारच नाही, आणि शेवटी ओकलंडमधल्या त्याच इमारतीशी परतही येणार नाही. म्हणून माझी कसोटी अशी: व्हिलनचा भूतकाळ काढल्यावर हिरोचा निर्णय बदलतो का? बदलत असेल तर तो भूतकाळ हवाच.

सुहासदादा इतका वेळ गप्प होते. ते म्हणाले, "मग तुझ्या कसोटीला 'स्पायडर-मॅन ३'चा सँडमॅनही उतरतो. त्याची गोष्ट ऐकून पीटर, म्हणजे स्पायडर-मॅन, त्याला माफ करतो."

दादांनी बरोबर नस पकडली होती. २००७ च्या त्या सिनेमात कळतं की पीटरच्या बेनकाकांना गोळी सँडमॅनची लागली होती. पण पहिल्या सिनेमाचा सगळा डोलारा पीटरच्या अपराधी भावनेवर उभा आहे: मी त्या चोराला जाऊ दिलं, म्हणून काका गेले. नवा खुनी आणून तीच गाठ सैल केली. टिम बर्टनच्या १९८९ च्या 'बॅटमॅन' सिनेमात ब्रूसच्या, म्हणजे बॅटमॅनच्या, आईवडिलांचा खुनी जोकरच निघतो, तिथेही मला हेच खुपतं. कुठल्याशा भुरट्याच्या हातून झालेला खून जास्त भीषण होता, कारण मग सूड घ्यायला समोर कुणी उरत नाही, फक्त शहर उरतं. तेव्हा कसोटीला दादांची जोड हवी: व्हिलनला भूतकाळ देताना हिरोचा हिरावून घेऊ नका.

"आणि २०१९ चा 'जोकर'?" अश्विनीने राखून ठेवलेलं काढलं. "शहर निधी कापतं, समुपदेशन थांबतं, आर्थरच्या, म्हणजे पुढे जोकर होणाऱ्या माणसाच्या, गोळ्या बंद होतात. हे सगळं फालतू?"

"फालतू कसं असेल? पण तिथे आर्थर नायक आहे," मी म्हणालो. "त्याच्या नजरेतून व्हिलन कोण? ब्रूसचा बाप, थॉमस वेन. टीव्हीवर बसून गरिबांना विदूषक म्हणणारा. त्याचं बालपण कुणी दाखवलं?"

ती क्षणभर थांबली. "तरी गोळ्यांचा तो सीन मी काढू देणार नाही."

"नकोच काढू. ती आर्थरची गोष्ट आहे. फक्त लेजरच्या जोकरला ती चिकटवू नकोस."