पिंडाचा वारस आणि गादीचा वारस

आमच्या घरातल्या जुन्या ट्रंकेत आजोबांचे १९३१ सालचे दत्तकपत्र आहे. खानापुरात मोडी वाचणारे एक वयोवृद्ध गृहस्थ भेटले आणि त्यांनी ते गेल्या महिन्यात मला वाचून दाखवले. पिंडदान व कुळाचार पुढे चालावा म्हणून मुलगा घेतल्याचे त्यात आधी लिहिले आहे, मग दत्तहोमाची तिथी, आणि शेतांचे सर्व्हे नंबर अगदी शेवटी. धर्म आधी आणि मालमत्ता मागाहून, हा क्रम वाचताना मला कित्तूर आठवले.

सप्टेंबर १८२४ मध्ये कित्तूरचे देसाई शिवलिंगरुद्र सर्जा निपुत्रिक वारले. मृत्यूपूर्वी त्यांनी शिवलिंगप्पा या मुलाला दत्तक घेतले होते, असे संस्थानचे म्हणणे होते. धारवाडचे कलेक्टर व पोलिटिकल एजंट थॅकरे यांना दत्तकाच्या कागदावरची सहीच संशयास्पद वाटली आणि त्यांनी खजिन्याला मोहरा लावल्या. २३ ऑक्टोबरला कित्तूरच्या किल्ल्यापुढे थॅकरे मारले गेले, डिसेंबरात किल्ला पडला, आणि राणी चन्नम्मा १८२९ मध्ये बैलहोंगलच्या कैदेत वारल्या. 'खालसा' म्हटले की शाळेत आपल्याला डलहौसी आणि १८४८ चा सातारा शिकवतात. आपल्या बेळगाव जिल्ह्यात ते चोवीस वर्षे आधीच घडून गेले होते.

कंपनीचा युक्तिवाद पुढे साताऱ्याच्या वेळी नीट शब्दांत मांडला गेला. दत्तक पुत्र श्राद्ध करील आणि खासगी मालमत्ता घेईल, त्याला आमची हरकत नाही. मात्र राज्य त्याच्याकडे जायचे असेल तर सार्वभौम सत्तेची मंजुरी हवी. हे सर्वस्वी बनावट होते असे मी म्हणणार नाही, कारण पेशवाईतही सरंजामदाराच्या दत्तकाला सरकारची संमती आणि नजराणा लागत असे. फरक इतकाच की पेशवे बहुधा नजराणा घेऊन मोकळे होत. कंपनीने मुलूखच घेतला. जो पिंड देतो तोच वारसा घेतो, ही शास्त्राने घट्ट बांधलेली गाठ कंपनीने सोडवली, आणि धर्माचा भाग घरात ठेवून राज्याचा भाग स्वतःकडे नेला.

तथापि शास्त्राची बाजू उजळ करून दाखवण्याचाही मोह मला टाळावासा वाटतो. कल्याणीच्या चालुक्यांच्या आश्रयाला, म्हणजे आजच्या कर्नाटकातच, विज्ञानेश्वरांनी लिहिलेल्या मिताक्षरा या याज्ञवल्क्यस्मृतीवरील टीकेप्रमाणे विभक्त व निपुत्रिक पुरुषाची संपत्ती आधी पत्नीकडे आणि मग मुलींकडे जाते. गादी मात्र अविभाज्य, तिथे कुळाची रूढी चाले, आणि ती रूढी मुलगाच मागे. मुंबई इलाख्यात रूढ झालेल्या शास्त्रार्थानुसार पतीने मनाई केली नसेल तर विधवा स्वतः दत्तक घेऊ शकत असे. म्हणजे वारस नेमण्याचा अधिकार तिला होता, स्वतः वारस होऊन गादीवर बसण्याचा नव्हता. चन्नम्मा तर मयत देसायांची सावत्र आई. लढली ती, पण लढली एका मुलाच्या नावाने.

१८५७ च्या उठावानंतर इंग्रजांचे डोळे उघडले आणि १८६२ मध्ये संस्थानिकांना दत्तकाच्या सनदा, म्हणजे दत्तक वारस मान्य करण्याची लेखी हमी, मिळाल्या. त्यामुळे निपाणीपासून हाकेच्या अंतरावरच्या कागलातले यशवंतराव घाटगे १८८४ मध्ये कोल्हापूरच्या गादीवर दत्तक गेले आणि शाहू महाराज झाले. त्याच निपाणीची जहागीर मात्र १८३९ मध्ये, निपाणकरांच्या मृत्यूनंतर, खालसा झाली होती. शास्त्र तेच होते, फक्त सरकारची गरज बदलली होती.

आजोबांच्या दत्तकपत्रावर देणाऱ्या बापाची सही आहे, घेणाऱ्याची आहे, पाच पंचांची आहे. ज्या माउलीने मूल दिले तिचे नाव मी दोनदा शोधायला लावले; ते त्यात कुठेच नाही.