चेर्ना आजी आणि मी, काळे

आज सकाळी व्हिडिओ कॉलवर घरच्याच एकाने माझ्या शेजारणीचं आडनाव विचारलं. चेर्ना, म्हणजे काळी, असं सांगितलं आणि पलीकडे हशा पिकला. "गोऱ्यांच्या देशात जाऊन तुला काळीच भेटली?" मी फोन ठेवून दिला. दिवस गेला तरी डोकं शांत होत नाहीये, म्हणून लिहितेय.

मी काळे. "नावासारखीच आहे" हे शाळेत दहा वर्षं ऐकलंय. चेक प्रजासत्ताकातल्या ब्र्नो शहरात आले तेव्हा शेजारच्या आजींनी दारावरची पाटी वाचून माझ्या आडनावाचा अर्थ विचारला. मोडक्यातोडक्या चेक भाषेत सांगितला. त्यांनी माझा हात धरला, स्वतःच्या दाराशी नेलं आणि पाटीवर बोट ठेवलं. "मीसुद्धा!" काय आनंद होता त्या चेहऱ्यावर!

चेर्नी, म्हणजे चेर्नाचं पुरुषी रूप, हे इथल्या सर्वात जास्त आढळणाऱ्या पहिल्या दहा आडनावांपैकी आहे. कुणा पूर्वजाचे केस काळे, कुणाचा रंग सावळा; गावाने हाक मारली, ती चिकटली. कुरळ्या केसांचा कुचेरा झाला, हसतमुख माणूस वेसेली झाला, तसंच हे. 1786 मध्ये सम्राट दुसऱ्या जोसेफने पिढ्यान्‌पिढ्या एकच आडनाव लावायची सक्ती केली आणि हाक कागदावर कायमची बसली. आजोबा चेर्नी, आजी चेर्ना, आपल्या काळा-काळीसारखंच. 2022 पासून बायकांना हवं तर चेर्नीही लावता येतं. आजी म्हणतात, "मी का लावू? मी काय पुरुष आहे?"

आणि सकाळी हसलात ना, तर ऐका. चेर्नी आणि आपला कृष्ण हे एकाच प्राचीन शब्दाचे वंशज आहेत. कृष्ण म्हणजे काळाच. सावळ्या विठ्ठलापुढे डोकं टेकवायचं आणि घरातल्या सावळ्या पोरीला बेसन-हळद चोळायची, हे कसं चालतं आपल्याला? कसं?

हो, तिकीट न काढणाऱ्याला इथेही 'काळा प्रवासी'च म्हणतात. इथे सगळं आलबेल आहे असं नाही. पण आजींच्या आडनावाला हसताना मी कुणाला पाहिलेलं नाही.

संध्याकाळी आजींना कृष्णाचं सांगितलं. "कृष्ना, चेर्ना," त्या दोन-तीनदा पुटपुटल्या, मग मला आत बोलावून सफरचंदाचा केक कापला. तिथे बसल्यावर राग जरा उतरला. हसणारा माणूस वाईट नाही, माझ्या आजारपणात रात्र रात्र जागलाय तो. उद्या करेन त्याला फोन. तेव्हाही हसला, तर मात्र पुन्हा ठेवून देईन.