ट्रकचालकाच्या तासांना कायद्यात मर्यादा आहे

व्हॉट्सॲपवर एक मजकूर फिरतोय: 'भारतात ट्रक चालवायला तासांची मर्यादा नाही, ती फक्त एसटी-बसला. लोडिंगला गाडी उभी असते तोच चालकाचा आराम. दुसऱ्या चालकाची अट रद्द झाली. ई-वे बिलाची (माल नेताना लागणारं जीएसटीचं ऑनलाइन कागदपत्र) मुदत संपते, म्हणून गाडी थांबवता येत नाही.' यातला जवळपास प्रत्येक शब्द चुकीचा आहे, आणि त्याची किंमत चालक जिवाने मोजतात.

आधी मर्यादा. १९६१ च्या मोटार परिवहन कामगार कायद्यात प्रवासी वाहतुकीबरोबर मालवाहतूकही येत होती. दिवसाला ८ तास, आठवड्याला ४८; लांब पल्ल्यावर मंजुरी घेऊन १० आणि ५४. सलग ५ तासांच्या आत किमान अर्धा तास विश्रांती आणि दोन दिवसांच्या कामामध्ये सलग ९ तास मोकळे. मोटार वाहन कायदा, १९८८ चं कलम ९१ हेच तास मालवाहू गाडीच्या चालकालाही लावतं, आणि त्यात किती माणसं नोकरीला आहेत याची अट नाही. २१ नोव्हेंबर २०२५ पासून १९६१ चा कायदा २०२० च्या व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य व कार्यस्थिती संहितेत विलीन झाला. ८ तास तिथेही आहेत, जादा कामाला दुप्पट दरही आहे. विश्रांतीची मापं मात्र सरकारी अधिसूचनेवर सोडली आहेत. पूर्वी ५ कामगारांना लागू होणारा कायदा आता १० कामगारांपासून लागू होतो, त्यामुळे दोन-तीन गाड्यांच्या मालकाकडचा चालक संहितेबाहेर राहतो. हे खरं दुखणं आहे. त्यावर जरूर भांडावं, पण त्यावरून 'मर्यादाच नाही' असं ठरत नाही.

'लोडिंग म्हणजे आराम' हा दावा सगळ्यात घातक. कायद्याने माल चढवणं-उतरवणं, गाडीची देखभाल-दुरुस्ती, गाडी ताब्यात घेणं, नोंदवहीवर सह्या हे सगळं कामातच धरलंय. ठिकाणावर नुसतं हजर राहण्याचा १५ मिनिटांपेक्षा कमी वेळसुद्धा कामाचाच. लांब थांबा कामातून वगळायचा, तर त्या वेळात चालक खरोखर मोकळा हवा: गाडी सोडून जेवता येईल, झोपता येईल असा. दर दहा मिनिटांनी रांगेत गाडी पुढे घ्यावी लागत असेल तर तो मोकळा नाही. सकाळी ६ ला भिवंडीत गाडी ताब्यात घेतली, ताडपत्री-रस्सीसह माल भरायला १० वाजले, तर ८ पैकी ४ तास संपले. घाटासह सरासरी ३५ किलोमीटरच्या वेगाने उरलेल्या वेळात नाशिकच गाठता येतं. मालक मात्र हिशोब १० पासून धरतो आणि रात्री २ ते ६ या वेळेत, शरीर झोप मागत असताना, चालक धुळ्यापलीकडे स्टिअरिंगवर असतो. तिथे चहाने थोडा वेळ निघतो, झोप भरून येत नाही.

नॅशनल परमिटच्या (देशभर माल नेण्याचा परवाना असलेल्या) गाडीवर दोन चालकांची अट २०१८ मध्ये रद्द झाली, हे खरं. पण दुसऱ्या चालकाची सक्ती गेली, पहिल्याचे तास वाढले नाहीत.

ई-वे बिलाचं गणित कुणीही करून पाहावं. १ जानेवारी २०२१ पासून साध्या मालाला दर २०० किलोमीटरमागे एक दिवस मिळतो, उरलेल्या तुकड्यालाही पूर्ण दिवस. मुंबई-दिल्ली साधारण १४०० किलोमीटर, म्हणजे ७ दिवस. २०० किलोमीटरला सहा तास पुरतात. अपघात किंवा रस्ता बंद पडल्यास मुदत संपण्याच्या ८ तास आधीपासून ८ तास नंतरपर्यंत पोर्टलवर ती वाढवता येते; हे काम ट्रान्सपोर्टरचं, चालकाचं नव्हे. घाई बिलाची नसते, व्यापाऱ्याला दिलेल्या डिलिव्हरीच्या तारखेची असते.

नोंदीचं काय? कलम ९१ प्रमाणे राज्य सरकार मालकाला तास आधी ठरवून नोंदवायला लावू शकतं. पण चालकाने स्वतःची वही ठेवलीच पाहिजे: गाडी ताब्यात घेतल्याची वेळ, गोदामाच्या गेटवर आत-बाहेर, प्रत्येक थांबा, आणि प्रत्येक वेळी मीटरचं रीडिंग. थांबल्या जागीच लिहावं. घरी येऊन आठवणीने भरलेल्या वहीत सगळ्या वेळा ६, १०, २ अशा गोल येतात, फास्टॅगच्या मेसेजमधल्या वेळेशी जुळत नाहीत, आणि जादा कामाचे पैसे मागताना तीच वही चालकाच्या विरोधात जाते. गेटपास, बिल्टी (ट्रान्सपोर्टरची मालपावती) आणि डिझेलच्या पावत्यांचे फोटो त्याच दिवशी काढून ठेवावेत. थर्मल कागदावरची शाई काही महिन्यांत उडते.