चार स्नॅप बघा आणि नेतृत्वावर बोला

न्यूजर्सीत येऊन तुम्हाला दोन-तीन वर्षं झालीत, कॉस्टकोचं कार्ड निघालंय, लॉन कापता येतं, बर्फ उपसायचं फावडं गाडीच्या डिकीत असतं, म्हणजे आता तुम्हाला इथल्या, म्हणजे अमेरिकन फुटबॉलवर मत असायलाच हवं. "हातात बॉल घेऊन पळतात आणि म्हणे फुटबॉल" हा विनोद मात्र करू नका, तो तुमच्या आधी आलेल्या प्रत्येक एच-वन-वाल्यानं करून झालाय आणि ऑफिसातले गोरे लोक आता त्यावर नुसते दात दाखवतात.

नियम कळायची गरज नाही हे आधी नीट समजून घ्या. ऑफेन्सिव्ह लाइनवर, म्हणजे समोरच्यांना अडवणाऱ्या फळीवर बोलायचं तर पाच जणांची नावं माहीत असावी लागतात आणि कोणी कुणाला अडवायचं होतं तेही सांगता यावं लागतं. क्वार्टरबॅक, म्हणजे पास टाकून टीमचा खेळ चालवणारा, मात्र एकच असतो, त्याचा चेहरा जाहिरातीत असतो, कॅमेरा सारखा त्याच्यावर असतो, त्यामुळे मॅच हरली तर त्याच्यात नेतृत्व नाही आणि जिंकली तर आहे, इतकं सोपं शास्त्र आहे. त्यातून क्वार्टरबॅक चाळिशीचा असेल आणि दुखापतीतून परत येत असेल तर सोन्याहून पिवळं, कारण चाळिशी आणि दुखणी या दोन विषयांत आपण सगळेच पीएचडी.

अभ्यासासाठी अ‍ॅरन रॉजर्स घ्या. दुसरं कुणी घेऊ नका, याच्यात सगळा सिलॅबस आहे. ग्रीन बे पॅकर्सकडून एक सुपर बोल, म्हणजे लीगची फायनल, चार वेळा लीगचा एमव्हीपी, म्हणजे सर्वोत्तम खेळाडू, आणि २०२३ च्या एप्रिलमधे तो न्यूयॉर्क जेट्सकडे आला. जेट्स म्हणजे नावात न्यूयॉर्क असलेली पण मॅचेस न्यूजर्सीत खेळणारी टीम, हे आपल्यातल्या "न्यूयॉर्कला असतो" म्हणून सांगणाऱ्या एडिसनकरांना लगेच समजतं. त्यांचा एकमेव सुपर बोल १९६९ चा, आणि शेवटचा प्लेऑफ २०१० च्या सीझनचा. त्यात ते २०११ च्या जानेवारीत पिट्सबर्ग स्टीलर्सकडून हरले आणि दोनच आठवड्यांनी त्याच स्टीलर्सना हरवून सुपर बोल कुणी घेतला, तर या रॉजर्सनं. हे लक्षात ठेवा, पुढे कामाला येईल.

तर ११ सप्टेंबर २०२३. सोमवार रात्रीची मॅच, बफेलो बिल्सविरुद्ध, जेट्सचा सीझन सुरू. आमच्या मित्राच्या बेसमेंटमधे आम्ही अकरा जण, मधे टेबलावर चिकन विंग्जच्या दोन पराती आणि नेमका तो श्रावणातला शेवटचा सोमवार, त्यामुळे मी आणि अजून एक जण कोपऱ्यात फ्राइज खात बसलेलो. मी आठ नंबरची जर्सी घेतली होती, टॅग काढला नव्हता, कारण बायको म्हणाली आधी तो खेळतो का बघ. रॉजर्स अमेरिकेचा झेंडा घेऊन बोगद्यातून पळत आला तेव्हा त्या बेसमेंटमधे माझ्यासकट तीन जणांचे डोळे पाणावले होते आणि तिघांपैकी एकाकडेही अजून ग्रीन कार्ड नव्हतं.

चौथा स्नॅप, म्हणजे क्वार्टरबॅकच्या हातात बॉल यायची चौथी वेळ. बिल्सच्या लेनर्ड फ्लॉइडनं त्याला खाली पाडलं. तो उठला, दोन सेकंद उभा राहिला, कुठेतरी लांब बघितलं आणि मग परत खाली बसला, म्हणजे पडला नाही, बसला, आपल्याकडे लाइनीत उभं राहून राहून म्हातारं माणूस बसतं तसा. सीझन संपला. डाव्या पायाचं अकिलीज, म्हणजे पोटरीला टाचेशी जोडणारी जाड दोरी, तुटलं होतं. एक्स-रेमधे हाड नीट होतं म्हणून रात्रभर आशा, दुसऱ्या दिवशी एमआरआय आणि खेळ खल्लास. मी जर्सीचा टॅग तेवढ्यात काढलेला होता.

आता इथून तुमचं खरं काम सुरू. पहिल्या तासाभरात तुम्हाला ऑर्थोपेडिक सर्जन व्हायचंय. रिप्ले स्लो मोशनमधे बघायचा, पोटरी थरथरल्यासारखी दिसते तिथे पॉज करायचं आणि "हे बघ, हे बघ, गेली" असं म्हणायचं. स्वतःची पोटरी दाबून बघायची. (बेसमेंटमधे त्या रात्री अकरापैकी निदान सात जण आपापली टाच धरून बसलेले मी मोजलेत.) आपल्याला याची सवय आहेच, २००४ मधे सचिनचं कोपर दुखलं तेव्हा ज्या घरात आयुष्यात टेनिसची रॅकेट आली नव्हती तिथल्या आजीसुद्धा टेनिस एल्बोला बर्फ लावावा का शेक द्यावा यावर भांडत होत्या. मग कृत्रिम गवताचा विषय काढायचा. मेटलाइफ स्टेडियमचं टर्फ खोटं आहे आणि खेळाडूंची युनियन खरं गवत मागतेय, हे खरंच आहे, त्यामुळे इथे तुम्ही चुकूनही बरोबर ठराल.

या वेळी कोपऱ्यात एक जुना जेट्सवाला असतो, तो काहीच बोलत नसतो. त्याला विचारा. तो सांगेल की १९९९ मधे विनी टेस्टावर्डी, जेट्सचाच क्वार्टरबॅक, सीझनची पहिलीच मॅच, अकिलीज. म्हणजे हे सगळं याआधी एकदा जसंच्या तसं होऊन गेलंय. आणि २००८ मधे ग्रीन बेहूनच ब्रेट फार्व नावाचा दुसरा म्हातारा दिग्गज आणून झाला होता, एक वर्ष टिकला. हा माणूस सोबत आणलेले विंग्ज शांतपणे संपवतो आणि घरी जातो. त्याच्यासारखं होऊ नका. त्याला माहिती आहे, तुम्हाला मत पाहिजे.

बरं, त्या रात्री जेट्स जिंकले हे विसरू नका, म्हणजे खरं तर विसराच, कारण सगळे विसरले. डिफेन्सनं बिल्सचा क्वार्टरबॅक जॉश अ‍ॅलनचे तीन पास हिसकावले, तिन्ही एकट्या जॉर्डन व्हाइटहेडनं, आणि ओव्हरटाइममधे झेवियर गिप्सन नावाचा पोरगा, ज्याला ड्राफ्टमधे, म्हणजे नव्या पोरांच्या निवडीत, कुणी घेतलंही नव्हतं, पंट, म्हणजे समोरच्यांनी लाथेनं उडवलेला बॉल, ६५ यार्ड परत पळवून आला आणि २२-१६ मॅच खिशात. दुसऱ्या दिवशी ऑफिसात मी गिप्सनचं नाव काढलं तर समोरचा म्हणाला कोण? आणि मग पाऊण तास रॉजर्सच्या नसण्यानं लॉकर रूमवर काय परिणाम होईल यावर बोलला.

आता नेतृत्व. हे कसं मोजतात असं कुणाला विचारू नका, अडाणी दिसाल. त्यासाठी उलटीसुलटी दोन्हीकडून घालता येतील अशी वाक्यं शिवून ठेवा. उदाहरणार्थ, जेट्सकडे आल्यावर त्यानं करारातले साधारण साडेतीन कोटी डॉलर सोडले. टीम जिंकतेय? मग "पैसा सोडतो तो लीडर". हरतेय? मग "एवढं सोडून पण किती उरले ते बघ ना". सप्टेंबरात ऑपरेशन झालेला माणूस २९ नोव्हेंबरला, म्हणजे जेमतेम अकरा आठवड्यांत, प्रॅक्टिसला मैदानात. इथे डॉक्टर लोक अकिलीजला नऊ महिने ते वर्ष सांगतात. जिद्द म्हणायचं का शो? घाई करू नका, डिसेंबर येऊ द्या. डिसेंबरात मायामीनं जेट्सना ३०-० धुतलं, प्लेऑफ गेले, रॉजर्स म्हणाला या सीझनला खेळत नाही. झालं, शो ठरला. प्लेऑफची आशा राहिली असती तर जिद्द ठरली असती. पाय तोच, टाके तेच.

त्याच्या छंदांवर पण मत तयार ठेवा. जेट्सकडे यायच्या आधी तो ओरेगॉनमधे चार दिवस मिट्ट अंधाऱ्या खोलीत राहून आला, आयुष्याचा विचार करायला. यावर आपण हसायचं नाही, आपण फक्त एवढंच म्हणायचं की आम्ही दहावीचा अख्खा अभ्यास लोडशेडिंगमधे केला, तेव्हा त्याला रिट्रीट म्हणतात हे कुणी सांगितलं असतं तर बोर्डाकडे फी मागितली असती. दक्षिण अमेरिकेतला तो अयाहुआस्का नावाचा काढा आपण घेतो हेही त्यानं स्वतःच सांगितलंय. जिंकत असताना हे सगळं आध्यात्मिक असतं. ५-१२ ला, म्हणजे सीझनमधे पाच जिंकून बारा हरल्यावर, ते चक्रमपणा होतं.

५-१२ कसं झालं ते पण थोडं पाठ करा, कारण २०२४ शिवाय वाद पुरा होत नाही. जूनमधे टीमचं सक्तीचं मिनीकॅम्प, म्हणजे सराव शिबिर होतं आणि हा इजिप्तला गेलेला. दंड झाला. यावर आमच्या मंडळात दोन तट पडले, ज्यांची स्वतःची सुट्टी मॅनेजरनं रद्द केली होती ते सगळे म्हणाले बरोबर केलं त्यानं, आणि मॅनेजर असलेले दोघं म्हणाले की असल्यानं टीम कल्चर बिघडतं. मग सप्टेंबरच्या शेवटी डेन्व्हरकडून १०-९ हार, जेट्सचे लाइनवाले सारखे स्नॅपच्या आधीच हलत होते. कोच रॉबर्ट सालेहनं रॉजर्सच्या केडन्सचा, म्हणजे स्नॅप मागताना तो जी आरोळी देतो तिच्या लयीचा विषय काढला, आणि रॉजर्सचं म्हणणं पडलं की चुकणाऱ्यांना जाब विचारावा. आता यात तुम्ही कुणाच्या बाजूनं? कुणाच्याच नाही. एक आठवडा थांबा. पुढची मॅच लंडनला, मिनेसोटाविरुद्ध, रॉजर्सचे तीन इंटरसेप्शन, म्हणजे तीन पास समोरच्यांनी पकडलेले, २३-१७ हार, आणि दोन दिवसांनी सालेहचीच नोकरी गेली. मग लगेच म्हणायचं, "मी तेव्हाच बोललो होतो." काय बोललो होतो ते कुणी विचारत नाही, आजवर एकदाही कुणी विचारलेलं नाही.

एक गोष्ट मात्र अजिबात मोठ्यानं बोलू नका. त्या ५-१२ च्या सीझनमधे हा माणूस सतराच्या सतरा मॅचेस खेळला. तुटून शिवलेल्या अकिलीजवर, मधेच ४१ वर्षांचा होऊन, २८ टचडाउन टाकले, म्हणजे समोरच्यांच्या टोकापर्यंत बॉल पोचवणारे पास, ३,८९७ यार्ड केले, शेवटच्या मॅचमधे कारकिर्दीतला ५०० वा टचडाउन पास झाला. मला विचाराल तर पुनरागमन म्हणतात ते हेच होतं, पुढे काही लांब बघायची गरज नव्हती. मी गेल्या वर्षी बॅडमिंटनमधे नुसती पोटरी आखडून घेतली तर तीन आठवडे जिना बसून उतरत होतो, तोही घरातला, तोही गालिचा असलेला. पण हे बोललात की कुणीतरी "स्टॅट पॅडिंग", म्हणजे नुसते आकडे फुगवले, म्हणतं, दुसरा कुणी त्याचे कोविडच्या लसीबद्दलचे २०२१ चे बोल काढतो, आणि मग ती रात्र लसीवरच संपते, विंग्ज गार.

जर्सीचं काय करायचं हा प्रश्न येईलच, कारण २०२५ च्या फेब्रुवारीत जेट्सनं त्याला सोडायचं ठरवलं आणि जूनमधे तो गेला कुठे, तर स्टीलर्सकडे. हो, तेच स्टीलर्स, वर लक्षात ठेवायला सांगितलेले. जेट्सनी त्याच्या जागी आणला जस्टिन फील्ड्स, जो आदल्या वर्षी स्टीलर्सकडे होता. मराठीत याला साटंलोटं म्हणतात. आणि ७ सप्टेंबर २०२५, सीझनची पहिलीच मॅच, मैदान तेच मेटलाइफ, जेट्स विरुद्ध स्टीलर्स. जर्सी मी होळीच्या जुन्या कपड्यांच्या पिशवीत टाकली होती, ती सकाळी गुपचूप काढून धुतली, आणि वरून जाकीट घातलं, चेन अर्धी. अशीच घालायची. स्कोअर बघून चेन खाली-वर करता येते.

त्या दिवशी बेसमेंटमधे आम्ही नऊच जण, दोघं टेक्ससला गेले. रॉजर्सनं चार टचडाउन टाकले. पहिल्या टचडाउनला गद्दार, दुसऱ्याला "आपल्याकडे असताना असा का नाही खेळला", तिसऱ्याला कोचिंगचा फरक, चौथ्यापर्यंत दोन जण म्हणाले की लीडर होताच तो, जेट्सला कळला नाही, आणि त्यातला एक मी होतो, चेन पूर्ण खाली. शेवटचं मिनिट जवळ आलं, जेट्स ३२-३१ नं पुढे. आता चौघं एका बाजूला चौघं दुसऱ्या, रॉजर्स साइडलाइनला हेल्मेट काढून कमरेवर हात ठेवून उभा आहे त्यावरून त्याच्यात शांतपणा आहे का बेफिकिरी यावर जुंपलेली, एक जण टीव्हीजवळ जाऊन त्याचे खांदे बोटानं दाखवतोय, मागचे ओरडतायत बाजूला हो रे. तो बाजूला झाला तेव्हा स्कोअर स्टीलर्स ३४, जेट्स ३२ असा होता. स्टीलर्सच्या क्रिस बॉसवेलनं ६० यार्डावरून फील्ड गोल, म्हणजे लाथेनं बॉल दोन खांबांमधून मारला होता. साठ. आमच्यातल्या एकानंही तो बघितला नाही. रिप्ले लागला तेव्हा कोपऱ्यातला तो जुना जेट्सवाला उठून कोट घालत होता, आणि मागून कुणीतरी विचारलं, हा कोण, हा पाय मारणारा?