एकवीस दिवसांत मशेरी सुटत नाही, आणि दारू तर अशी सोडूच नका

गटारीच्या आदल्या आठवड्यात आमच्या घरच्या ग्रुपवर डोंबिवलीच्या चुलतभावाने एक फॉरवर्ड टाकला. 'फक्त 21 दिवस, नवा माणूस व्हा!' तेवढ्या आठवड्यात तो मला आणखी तीन ग्रुपांवर दिसला. त्यातले मुद्दे थोडक्यात असे. कोणतीही सवय 21 दिवसांत सुटते, हे विज्ञानाने सिद्ध झालंय. मध्ये एक दिवस चुकला तर मोजणी पुन्हा शून्यापासून. बदलाला विरोध करणारा आतला आवाज म्हणजे आळस, त्याला चिरडून टाका. तंबाखू असो की दारू, एका झटक्यात बंद करा. हातपाय थरथरले तर ते मनाचं नाटक, डॉक्टर लागत नाही. संकल्प कुणाला सांगू नका. पहाटे चारला उठा.

असे फॉरवर्ड रोज येतात, मी वाचत नाही. पण हा माझ्या मुलाने आतेला मोठ्याने वाचून दाखवला. आते 63 वर्षांची आहे, वयाच्या चौदाव्या वर्षापासून मशेरी, म्हणजे भाजून कुटलेली तंबाखू, दातांना लावते. श्रावणाच्या पहिल्या दिवशी तिने डबी माळ्यावर टाकली आणि कालनिर्णयवर रोज एक फुली मारायला लागली. सोळा फुल्या झाल्या. सतराव्या दिवशी माहेरच्या एका बाराव्याला गेली, तिथे बायका बसल्या होत्या, एक बोट तोंडात गेलं. घरी येऊन तिने स्वतःच माळ्यावरची डबी काढली. "एक दीस चुकलंय रे. आता परत पयल्यापासना? माका नाय जमूचा," म्हणाली आणि मागच्या पायरीवर जाऊन बसली. सोळा दिवस मशेरीशिवाय काढलेली बाई त्या संध्याकाळी स्वतःला नालायक समजत होती, कारण फॉरवर्डमध्ये तसं लिहिलं होतं. मला राग आला तो तेव्हा.

21 हा आकडा आला कुठून ते आधी सांगतो. मॅक्सवेल मॉल्ट्झ नावाचा एक अमेरिकी प्लास्टिक सर्जन होता. 1960 साली आलेल्या आपल्या पुस्तकात त्याने लिहिलं की शस्त्रक्रियेनंतर माणसाला स्वतःच्या नव्या चेहऱ्याची सवय व्हायला, किंवा कापलेला हातपाय अजून जागेवर असल्याचा भास ओसरायला, कमीत कमी 21 दिवस लागतात. हे त्याचं रुग्ण बघून केलेलं निरीक्षण होतं. त्यात मशेरी नव्हती, दारू नव्हती. पुढे सांगणाऱ्यांनी 'कमीत कमी' हे दोन शब्द गाळले आणि चेहऱ्याच्या जागी 'कोणतीही सवय' घातली.

खरं मोजमाप नंतर झालं. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमधल्या फिलिपा लॅली आणि तिच्या सहकाऱ्यांनी 96 जणांना 12 आठवडे रोज एक साधी गोष्ट करायला लावली, म्हणजे दुपारच्या जेवणाबरोबर फळ खाणं, पाणी पिणं, थोडं धावणं, अशी. ती गोष्ट अंगवळणी पडायला मध्यम हिशेबाने 66 दिवस लागले. कुणाला 18, तर कुणाला, गणिताने पुढे ताणून पाहिल्यावर, 254. ही नवी सवय लावण्याची गोष्ट आहे, जुनं व्यसन सोडण्याची नाही, हे मी लपवत नाही. आणि फळ खाण्याला जर एवढे दिवस लागतात, तर पन्नास वर्षांच्या मशेरीला 21 दिवस कोणत्या हिशेबाने?

त्याच अभ्यासातली दुसरी गोष्ट मी आतेला दोनदा सांगितली: मध्ये एखादा दिवस चुकला तर सवय लागण्यात म्हणावा असा फरक पडला नाही. मोजणी शून्यावर जाते, ही फॉरवर्ड लिहिणाऱ्याची स्वतःची भर. सोळा दिवस तोंडाने जे शिकलं ते एका बोटाने पुसलं जात नाही.

आणि कोकणातल्या माणसाला तर 21 दिवसांचं कळायला लंडनला जायलाच नको. आपण श्रावण पाळतो. 29-30 दिवस घरात मासळी येत नाही, कित्येक घरी गणपती पोचवेपर्यंत नाही. सुकटीचा डबासुद्धा बाहेर पडवीत जातो. सुटली का मासळी कुणाची? विसर्जनाच्या दुसऱ्या दिवशी सकाळी मालवणच्या बाजारात जाऊन बघा. नुसते दिवस ढकलून काही सुटत नाही. त्या वेळी, त्या जागी, दुसरं काय येऊन बसलं त्यावर ठरतं.

आता दारूचा मुद्दा. बाकी सगळं चुकीचं आहे, हा मुद्दा माणूस मारणारा आहे.

आमच्या वाडीत एक रापणकर आहे, म्हणजे किनाऱ्यावरून रापण हे मोठं जाळं ओढणारा मच्छीमार. वीस वर्षं रोज पिणारा, अलीकडे सकाळी डोळे उघडले की आधी घोट. त्यानेही श्रावणाच्या पहिल्या दिवशी एका झटक्यात बंद केली. पहिल्या संध्याकाळी हात थरथरायला लागले, अंगावर घामाच्या धारा, जेवण जाईना. बायको घाबरली, तर मोबाइल काढून त्यानेच दाखवलं: थरथर म्हणजे मनाचं नाटक. तीही गप्प राहिली. दोन दिवस. तिसऱ्या रात्री तिचा फोन आला म्हणून मी गेलो. हा खाटेवर बसून हवेत दोर ओढत होता. रापण ओढताना जसा पाय रोवतात तसा पाय रोवून, एका हातापुढे दुसरा हात, तोंडाने हाका देत. भिंतीवर मुंग्या चढताहेत म्हणून मध्येच झटकत होता. बायकोला ओळखत नव्हता. जमलेल्यांतला एक जण म्हणाला बाधा आहे, देवळात गाऱ्हाणं घाला, अंगारा लावा. मी 108 ला फोन लावला.

ही बाधा नाही आणि नाटकही नाही. वर्षानुवर्षं रोज भरपूर दारू पोटात गेली की मेंदू त्या गुंगीशी जुळवून घेतो, तिला तोल म्हणून उलट्या बाजूने जोर लावत राहतो. दारू अचानक काढून घेतली की तो जोर मोकळा सुटतो. काही तासांत थरथर, घाम, छातीत धडधड. पहिल्या दोन दिवसांत फिट येऊ शकते. दुसऱ्या ते चौथ्या दिवसाच्या दरम्यान काहींना भ्रम होतो: नसलेलं दिसतं, जागा-वेळ कळत नाही, ताप चढतो. याला डिलिरियम ट्रेमेन्स म्हणतात आणि उपचार मिळाले नाहीत तर यात जीव जातो. उपचार आहेत, तालुक्याच्या डॉक्टरांनाही ते माहीत असतात. ठरावीक गोळ्या देऊन मेंदूला हळूहळू खाली उतरवतात, बी-1 जीवनसत्त्वाची इंजेक्शनं देतात, पाणी आणि क्षार सांभाळतात. आमचा रापणकर आठव्या दिवशी घरी आला. एक रात्र आणखी गेली असती तर काय झालं असतं, ते तिथल्या डॉक्टरांनी त्याच्या बायकोला स्पष्ट सांगितलं.

मी दारू चालू ठेवा म्हणत नाही. सोडाच. पण जो सकाळी उठल्या उठल्या पितो, ज्याचे हात दारूशिवाय थरथरतात, ज्याला पूर्वी कधी दारू तुटल्यावर फिट आली आहे, त्याने बंद करायच्या आधी डॉक्टरांना भेटायचं. व्यसनमुक्तीसाठी सरकारची 14446 ही फुकट हेल्पलाइन आहे. हे कुणाला सांगायचं असेल तर श्रावणाच्या आधी सांगा, कारण आपल्याकडे अर्धा गाव त्याच दिवशी सोडतो.

तंबाखूचं तसं नाही, हे मला मान्य करावं लागतं. मशेरी एका झटक्यात सोडली तर जीव जात नाही. चिडचिड होते, झोप उडते, डोकं धरतं. तिथे 'एकदम बंद करा' हा सल्ला चुकीचा नाही. तारीख ठरवून सुरुवात करणंही चांगलंच. आतेने श्रावण धरला म्हणून तर तिची सुरुवात झाली.

पण 'आतला विरोध चिरडा' हे मान्य नाही. या एका वाक्याने माणसं स्वतःशीच भांडत बसतात. विल्यम मिलर या अमेरिकी मानसशास्त्रज्ञाने 1983 साली दारू पिणाऱ्यांशी बोलण्याची वेगळी रीत मांडली: वाद घालू नका, विचारा. तुम्ही 'सोड' म्हणालात की समोरचा न सोडण्याची कारणं द्यायला लागतो, आणि स्वतःच्या तोंडून निघालेलं त्याला जास्त पटतं. मी आतेशी वर्षानुवर्षं हेच करत आलो होतो. तव्यावर तंबाखूची पानं काळी होईपर्यंत भाजताना तो धूर घरभर व्हायचा आणि मी ओरडायचो. ती भाजतच राहायची.

या वेळी पायरीवर तिच्या शेजारी बसलो आणि विचारलं, सोडताना नेमकं नडलं कुठे? ती आधी काही बोलली नाही. मग सांगितलं की मशेरी लावल्याशिवाय तिला परसाकडला होत नाही. सोळा दिवस पोट साफ नव्हतं, हे ती लाजेने कुणाला बोलली नव्हती. दुसरं, मागची एक दाढ किडली आहे, ती ठणकायला लागली की मशेरीने बधिर होते. आणि तिसरं, सकाळी विहिरीवर शेजारणी भेटतात त्या मशेरी लावायलाच बसतात. डबी नसली तर तिथे बसायचं कशाला?

यातला आळस कुठला मला दाखवा. निकोटीन आतड्यांना चालना देतं, ते थांबलं की बद्धकोष्ठ होतं, हे डॉक्टरांनाही ठाऊक असलेलं लक्षण आहे. दाढ तर खरीच किडलेली. फॉरवर्ड म्हणतो तो आळस म्हणजे एक पोट, एक दाढ आणि चार मैत्रिणी. पोटासाठी उठल्यावर गरम पाणी, पेजेबरोबर शिजवलेली भाजी, रोज दोन केळी. तंबाखूसाठी 1800-11-2356 हा क्रमांक पाकिटांवर छापलेला असतो, तिथे फोन केला. घरी भाजलेल्या मशेरीला पाकीट नसतं, म्हणून हा क्रमांक तिच्यापर्यंत कधी पोचलाच नव्हता. आणि तोंडात पांढरा चट्टा दिसला किंवा तोंड पूर्वीसारखं उघडेना तर थांबू नका, दाखवा. मशेरीने तोंडाचा कर्करोग होतो.

राहिलेले दोन मुद्दे. 'कुणाला सांगू नका': आतेने पोटाचं कुणाला सांगितलं नाही आणि रापणकराच्या बायकोने दोन दिवस कुणाला सांगितलं नाही, त्याचं काय झालं ते वर लिहिलंय. 'पहाटे चारला उठा': आमच्या वाडीतले खलाशी तीनला उठतात, त्यांना कामावर जायचं असतं.

भावाला फोन केला. दादाने बिचाऱ्याने चांगल्याच हेतूने टाकलं होतं; रापणकराचं ऐकून तो बराच वेळ गप्प झाला.

काल आतेला घेऊन दाताच्या डॉक्टरकडे गेलो. दाढ काढली. जखम भरेपर्यंत मशेरी लावायची नाही, असं त्यांनी सांगितलं. आज सकाळी ती गालाला हात लावून विहिरीवर गेली, शेजारणींच्यात बसली, हातात गरम पाण्याचा तांब्या. कालनिर्णयवर तिने सतराव्या दिवसाचा चौकोन रिकामा ठेवून पुढच्या चौकोनांत फुल्या मारायला घेतल्या आहेत. मधले आणखी चार रिकामे आहेत. आजची मारायची राहिली आहे, ती रात्री जेवल्यावर मारते.