कडेवरच्या पिल्लावरून: काकांच्या प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार काका, (साठी ओलांडल्याचं तुम्हीच लिहिलंय म्हणून काका म्हणतोय, राग नसावा)

कुत्र्याच्या लहान पिल्लाला कडेवर घेऊन बाहेरचं जग दाखवा, असं मी मागच्या पोस्टमध्ये लिहिलं होतं. त्यावर तुमचं म्हणणं थोडक्यात असं, की लसीचे सगळे डोस व्हायच्या आत पिल्लाला ठाण्याच्या तलावपाळीला न्या म्हणणं म्हणजे पार्व्होला (कुत्र्यांचा उलट्या-जुलाबाचा जीवघेणा आजार) आमंत्रण, हे सोशलायझेशन (पिल्लाला लहानपणीच माणसं, आवाज, गर्दीची सवय लावणं) परदेशी फॅड आहे, गावाकडच्या कुत्र्यांना कोणी काय शिकवलं होतं, आणि भीती मोडायचीच असेल तर एकदा विसर्जन मिरवणुकीत नेऊन उभं करावं.

पार्व्होची भीती खरीच आहे, त्यावर वाद नाही. तो विषाणू आजारी कुत्र्याच्या विष्ठेतून पसरतो, मातीत महिनोन्महिने टिकतो आणि आपल्याकडे लस न झालेली कुत्री गल्लोगल्ली, म्हणूनच जमिनीवर अजिबात ठेवायचं नाही, कडेवर नाहीतर बॅगेतून न्यायचं असं लिहिलं होतं, ते वाक्य नजरेतून सुटलं बहुतेक. आणि तो चपलेला चिकटून घरातही येतो बरं का.

खरी अडचण वेळेची आहे. पिल्लू नवीन माणसं, आवाज, वस्तू सहज स्वीकारतं तो काळ साधारण तिसऱ्या आठवड्यापासून बाराव्या-चौदाव्या आठवड्यापर्यंतचा. आणि आईकडून आलेल्या अँटीबॉडीज लसीच्या आड येतात म्हणून डोस परत परत द्यावे लागतात, शेवटचा सोळाव्या आठवड्याच्या आसपास. म्हणजे कोर्स पूर्ण होईपर्यंत थांबलात तर तो काळ गेलाच. अमेरिकेत प्राण्यांच्या वागणुकीवर काम करणाऱ्या व्हेट लोकांच्या संघटनेने २००८ मध्येच सांगितलंय की पहिला डोस आणि जंताचं औषध होऊन ७ दिवस झाले की सात-आठ आठवड्यांचं पिल्लू सोशलायझेशनच्या क्लासला न्यायला हरकत नाही. मी तर ठाण्यातले रस्ते बघून त्याहून कडक सांगतोय.

आता गावाकडचं. अहो, ते पिल्लू अंगणात आई-भावंडांत वाढतं, गुरं, कोंबड्या, दंगा करणारी पोरं, ट्रॅक्टर, लग्नाचा बँड, फेटेवाले पाहुणे, सगळं त्याला त्या पहिल्या आठवड्यांतच फुकट मिळतं! घोडबंदर रोडला चौदाव्या मजल्यावरच्या पिल्लाला काय दिसतं, टीव्ही, कामाच्या मावशी आणि खिडकीतून समोरची बिल्डिंग. मग चार महिन्यांचं झाल्यावर लिफ्टमध्ये पहिल्यांदा हेल्मेटवाला डिलिव्हरी बॉय आला की ते भुंकणारच आणि सोसायटीच्या ग्रुपवर तुमच्या नावाने बोंब.

मिरवणुकीचा सल्ला मात्र प्लीज कुणाला देऊ नका. पिल्लाला पळायला जागाच नसेल तर भीती मोडत नाही, पक्की बसते, आणि पुढे कुकरची शिट्टी वाजली तरी पलंगाखाली. ढोल-ताशाचं रेकॉर्डिंग मोबाईलवर अगदी हळू लावा, सोबत उकडलेल्या चिकनचे बारीक तुकडे, खातंय-खेळतंय तोवर काही दिवसांनी आवाज किंचित वाढवा. शेपूट पायात घातली, सारखे ओठ चाटतंय, जांभया देतंय, आवडीचा खाऊ पण नको म्हणतंय, तर तुम्ही फार पुढे गेलात, आवाज कमी करा किंवा लांब जा. तलावपाळीला पण असंच, फुगेवाल्याच्या अंगावर नाही न्यायचं, लांबच्या बाकावर बसायचं, त्याला बघू द्यायचं, ओळख करून घ्यायची की नाही ते त्यालाच ठरवू द्या. येणारा-जाणारा 'किती गोड' म्हणत हात घालतो, त्याला सरळ नाही म्हणायचं (हे सगळ्यात अवघड, खरंच).

आणि कडेवर घेतल्याने पिल्लू भित्रं होतं असं म्हणतात, ते चूक. घाबरलेल्याला जवळ घेतल्याने भीती वाढत नाही, उलट आपला माणूस पाठीशी आहे हे त्याला कळतं.

एक शेवटचं, तुम्ही लिहिलंय की मुलगा पाच आठवड्यांचं लॅब्रॅडॉर आणतोय, लहानपणी आणलं की लळा लागतो म्हणून. लळा आठव्या आठवड्यानंतरही लागतो हो. तोपर्यंत ते भावंडांशी मस्ती करताना किती जोरात चावायचं ते शिकत असतं, आणि कुत्र्यांच्या ब्रीडिंग आणि विक्रीच्या २०१७ च्या सरकारी नियमांप्रमाणे ब्रीडरला आठ आठवड्यांच्या आतलं पिल्लू विकताच येत नाही. घाई करत असेल तर दुसरा ब्रीडर बघा.